कॉलेजचा हिवाळा ज्वारीवर चालायचा

नांदेड-लातूरच्या कॉलेजांतल्या हिवाळी मौजमजेवर कुणी लिहायला बसलं की पहिलं वाक्य गॅदरिंगचं असतं, दुसरं ‘डेज’चं आणि तिसरं युवक महोत्सवात मिळालेल्या ढालीचं. आमच्या भागाच्या सांस्कृतिक इतिहासाचे एक जाणकार तर कित्येक वर्षं ठासून सांगत आले आहेत, की ही सगळी हौस पुण्याहून औरंगाबादला आली आणि औरंगाबादहून एसटीत बसून आमच्या स्टँडवर उतरली. मला हे कधीच पटलं नाही. मांडव आला असेल पुण्याहून, पण मांडवात बसलेलं पोरगं कुठून आलं होतं? देगलूर, मुखेड, कंधार, अहमदपूर, निलंगा, औसा इथल्या कुठल्या तरी शिवारातून. हिवाळ्यात काय करायचं असतं हे त्याला कॉलेजने शिकवलेलं नव्हतं.

माझं म्हणणं सरळ आहे. आमच्या कॉलेजांचा हिवाळा ज्वारीच्या पिकावर चालायचा. कणसात दाणा भरला की मजा सुरू व्हायची आणि काढणीची गडबड लागली की मिटायची. ज्वारी हटली तशी ती मजाही हटली. गॅदरिंग, शिबिर, शेलापागोटे या सगळ्यांचं मूळ मी हुरड्याच्या आगटीपाशी शोधतो, आणि त्यावरून माझी चेष्टा करणाऱ्यांची मला सवय आहे.

इतिहास लवकर उरकतो, कारण तो प्रत्येक स्मरणिकेत छापलेला असतो. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं तेव्हा ते हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेलं होतं. मराठवाडा विद्यापीठ व्हायला १९५८ उजाडलं. मग १९६१ ला लातूरचं दयानंद, १९६२ ला उदगीरचं महाराष्ट्र उदयगिरी, १९६३ ला नांदेडची यशवंत आणि सायन्स, १९७० ला लातूरचं राजर्षी शाहू अशी कॉलेजं उघडत गेली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी दोन्ही जिल्ह्यांना नांदेडचं विद्यापीठ मिळालं, तेही स्वामीजींच्याच नावाचं. झालं. स्मरणिकांत नसलेली गोष्ट अशी, की या कॉलेजांत पहिल्यांदा आलेली पिढी सहा दिवस भाड्याच्या खोलीवर असे आणि सातव्या दिवशी शेतात. दोन्हींना जोडणारा दोरा म्हणजे डबा. सकाळच्या गाड्यांतून फडक्यात बांधलेले डबे दोन्ही शहरांच्या स्टँडवर उतरायचे आणि पोरं सायकली घेऊन ते उतरवून घ्यायला उभी असायची. मार्गशीर्ष लागला की डब्याबरोबर एक पिशवी येऊ लागे. तीत बोरं, हरभऱ्याचे ढाळे, कधी उसाची दोन कांडी असायची. हिवाळा आल्याची वर्दी आम्हाला सूचनाफलकावरून मिळत नसे, ती एसटीने यायची.

आगटी

हुरड्याबद्दल मराठवाड्यातल्या वाचकाला काय सांगायचं! पण आता हुरडा ताटलीत, चमच्यासकट आणि तिकीट काढून मिळतो म्हणून जुनी रीत एकदा लिहून ठेवतो. रब्बीची ज्वारी हस्त-चित्राच्या सुमाराला पेरलेली. पौष उजाडता उजाडता दाण्यातलं दूध आटून तो जरा घट्ट होतो, नखाने दाबला तर दबतो पण फुटत नाही. तेवढे थोडे दिवस हुरड्याचे. मालदांडीचा हुरडा खाता येतो, पण जाणकार माणूस बांधाच्या कडेने गुळभेंडी किंवा कुचकुचीची दोन-चार पाती खास हुरड्यासाठी लावून ठेवायचा. या वाणांचा दाणा गोड आणि कणसातून सहज सुटणारा. अलीकडे राहुरीच्या विद्यापीठाने ‘फुले उत्तरा’ आणि परभणीच्या विद्यापीठाने ‘परभणी वसंत’ असे खास हुरड्याचे वाण काढलेत. चांगलं झालं. विद्यापीठांनी केलेल्या ज्या थोड्या गोष्टींबद्दल मी मनापासून आभार मानतो, त्यांत ही एक.

जमिनीत वीतभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, हीच आगटी. जाळ नको, फुललेला निखारा हवा. कणसं त्यात खुपसायची, फिरवायची, आणि हिरव्याचा रंग करपट व्हायला लागला की बाहेर काढायची. गरम असतानाच तळहातावर चोळायचं. भाजणारा एक, चोळणारे दोघंतिघं, खाणारे बाकी सगळे. ज्याच्या हाताला चटका सोसत नाही त्याने नुसतं खायला बसू नये, चटणी वाटायला घ्यावी, असा आमच्याकडे नियम होता. चटण्या तीन तरी हव्यात: शेंगदाण्याची, जवसाची आणि लसणाची. मिरची धर्माबादची असेल तर बोलायलाच नको. गूळ, रेवडी, घट्ट दही. हुरड्यावर पाणी प्यायचं नाही, ताक प्यायचं, असं सगळ्या म्हाताऱ्या सांगत, आणि ते न ऐकणाऱ्याला संध्याकाळपर्यंत उत्तर मिळत असे.

हे सगळं कॉलेजात आलं ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या वाटेने. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला ही योजना सुरू झाली. तिच्यात वर्षातून एक विशेष शिबिर असतं, दत्तक गावात राहून करायचं. पूर्वी ते दहा दिवसांचं असायचं, आता सात. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून संक्रांतीपर्यंत ही शिबिरं लागतात. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत नाही तर देवळात. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री गावासमोर सांस्कृतिक कार्यक्रम. कागदावर एवढंच. मी कार्यक्रम अधिकारी होतो तेव्हा वेळापत्रकात आणखी एक ओळ घुसवत असे: ‘दु. ४ ते ६, पीक निरीक्षण’. हे निरीक्षण आम्ही आगटीभोवती बसून करायचो. हिशेब तपासणाऱ्यांनी गुळाच्या ढेपेवर आक्षेप घेतला की ‘शैक्षणिक साहित्य’ असं लिहून मोकळा व्हायचो. एका प्राचार्यांना हे रुचत नसे. शिबिर म्हणजे काय हुरडा पार्टी आहे का, असं त्यांनी मला कर्मचारी बैठकीत विचारलं होतं. मी म्हटलं, सर, बांध घालायला पोरं तयार होतात ती त्या हुरड्यापायीच. पण ते माझं खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर इथे देतो.

वर्गात पहिल्या बाकावर शहरातली पोरं बसायची, व्यापाऱ्यांची, वकिलांची, आम्हा मास्तरांची. खेड्यातलं पोरगं मागे, मान खाली घालून. बौद्धिकात पाहुणा बोलायचा आणि पहिल्या बाकावरचेच प्रश्न विचारायचे. आगटीपाशी हा सगळा क्रम उलटायचा. विस्तव कसा राखायचा, कुठलं कणीस हुरड्यात आलंय, कुठलं जून झालंय, हे कळायचं ते मागच्या बाकाला. मग तेच पोरगं डॉक्टरच्या मुलाला ‘आरं, असं नाय, चोळ की जरा जोर लावून’ म्हणून दटावायचं. मास्तरलाही दटावायचं. ज्याला वर्षभर वर्गात तोंड उघडायला जमलं नाही, त्याला तिथे नकला सुचायच्या, कोट्या सुचायच्या, प्राचार्यांच्या चालण्याची हुबेहूब नक्कल यायची. हात काळे झालेल्या माणसांत मानपान टिकत नाही. गॅदरिंगला पुढे जे हसू फुटायचं ते आधी इथे तापलेलं असायचं. पुण्याचं देणं मानणाऱ्यांनी कधी एक शिबिर केलं असतं तर त्यांच्या लेखणीला हे दिसलं असतं.

माळेगाव आणि येळवस

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावची खंडोबाची जत्रा सुरू होते, आणि दुसऱ्याच दिवशी येते वेळा अमावस्या, म्हणजे आमची येळवस. पंचांगाने हे दोन दिवस लागून ठेवले ते जणू आमच्या हजेरीपटाचा काटा काढायलाच. शिवाय माळेगाव लोहा तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्यावरच. म्हणजे दोन्ही शहरांतली पोरं वाटेतच सापडायची.

जत्रा घोड्यांची, गाढवांची, उंटांची, कुस्त्यांची आणि तमाशाच्या तंबूंची. कॉलेजातून सांगितलं जायचं, की जनावरांचा बाजार अभ्यासासाठी जरूर पाहा. बाकी कशाचा उल्लेख होत नसे. पोरं जनावरांचा बाजार पाहत, आणि अंधार पडला की मफलरीने तोंड झाकून तंबूत शिरत. गंमत अशी, की तंबूत मफलर बांधलेले आणखीही काही लोक असायचे आणि त्यांच्यात अर्थशास्त्र विभाग बऱ्यापैकी हजर असायचा. दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला ओळख दाखवत नसे. पुढे जत्रेत लावणी महोत्सव भरू लागला आणि सरकारी मांडवात उजळ माथ्याने बसता येऊ लागलं. तेव्हापासून मफलरीचं महत्त्व गेलं.

येळवस मात्र घरंदाज. लातूर, धाराशिव आणि नांदेडचा देगलूर-मुखेडकडचा पट्टा, तसाच पलीकडचा बिदर भाग, या मुलखाबाहेर महाराष्ट्रात हा सण फारसा कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, आणि शहरात ‘अघोषित संचारबंदी’ लागल्याचं वर्तमानपत्रं दरवर्षी न चुकता छापतात. ते खोटंही नाही. गंजगोलाईच्या सगळ्या वाटा त्या दिवशी मोकळ्या दिसतात. सगळं शहर शेतात गेलेलं असतं. कडब्याची खोप, आत चुना लावलेल्या दगडांचे पाच पांडव, आणि पूजा आटोपली की जेवण. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली आंबील, तूर-वाटाणा-हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची नि पालेभाज्यांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. तिन्हीसांजेला पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फिरायचं.

ज्याचं शेत नाही त्यानेही उपाशी राहायचं नाही, हा येळवसीचा मुख्य कायदा. वसतिगृहातली किनवट-माहूरकडची, विदर्भाकडची किंवा सीमेपलीकडची तेलुगू बोलणारी पोरं त्या दिवशी खोलीत अडकून पडायची. त्यांना कुणी ना कुणी ओढून न्यायचंच. गावी न्यायला उशीर झाला तर भररस्त्यात अनोळखी माणूस गाडी थांबवून विचारायचा, ‘लेकरांनो, जेवलात का?’ आणि बांधावर नेऊन बसवायचा. दुसऱ्या दिवशी एसटीने आलेल्या डब्यांत उरलेली भज्जी असायची, जी मुरल्यावर जास्त चांगली लागते, आणि बरणीत आंबील. वसतिगृहाच्या व्हरांड्यात त्या दिवशी खानावळीचं जेवण कुणी हुंगतसुद्धा नसे. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांची जातीबाहेरच्या घरातली पहिली पंगत येळवसीची होती. समाजशास्त्राच्या पुस्तकांत हे आलेलं मी अजून वाचलेलं नाही.

गॅदरिंग आणि शेलापागोटे

आता गॅदरिंग. क्रीडा सप्ताह, रांगोळी, पाककला, बक्षीस समारंभ आणि पाहुण्यांचं लांबलेलं भाषण, हे सगळं मी एका वाक्यात संपवतो. पाहुण्यांबाबत नांदेडचं एक मान्य केलं पाहिजे. नरहर कुरुंदकर पीपल्समध्ये शिकवत होते, पुढे तिथेच प्राचार्य झाले, आणि त्यांच्यामुळे या गावाच्या कानाला असं वळण लागलं की थंडीत कानटोपी घालून दोन-दोन तास व्याख्यान ऐकणारी माणसं इथे तयार झाली. त्यांच्यानंतरच्या वक्त्यांना हा श्रोता आयता मिळाला आणि त्यांनी तो पुरवून पुरवून संपवला.

माझा जीव अडकलाय तो शेलापागोट्यांत, ज्याला पोरं फिशपाँड म्हणतात. चिठ्ठीवर नाव न घालता कुणाला तरी दोन ओळींचा आहेर लिहायचा, पेटीत टाकायचा, आणि गॅदरिंगच्या दिवशी तो भर सभागृहात वाचायचा. ‘थोडक्यात सांगतो’ असं सतत म्हणणाऱ्या एका सरांना आलेला आहेर असा होता: ‘सर थोडक्यात सांगायला आले आणि पुढचे दोन तास घेऊन गेले.’ ग्रंथपालांना आलेला: ‘पुस्तक मागितलं तर विचारतात, वाचणार आहेस का?’ शिबिरात श्रमदानाच्या वेळी दरवर्षी पोट दुखणाऱ्या मुलाला पोरांनी ‘बांधावरचा पाटील’ ही पदवी दिली होती. ती त्याच्यामागे लग्नपत्रिकेपर्यंत गेली.

पेटी उघडून निवड करण्याचं काम माझ्याकडे असे, आणि नियम मी कडक ठेवले होते. कुणाची जात नाही, कुणाचं दिसणं नाही, मुलीचं नाव कुणाशी जोडायचं नाही, शिपायावर विनोद करायचा असेल तर आधी प्राचार्यांवर करून दाखवायचा. या चाळणीतून निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या गळायच्या, पण उरलेल्या अस्सल असायच्या. काही सहकारी याला थिल्लरपणा म्हणत आणि त्याऐवजी समूहगीतं घ्यावीत असा ठराव आणत. त्यांना मी एकच विचारायचो: पोराने मास्तरला तोंडावर हसावं आणि मास्तरने ते टाळ्या वाजवत ऐकावं, असा दुसरा प्रसंग वर्षात कुठला आहे ते दाखवा. ज्याच्यावर चिठ्ठी आहे तो समोर बसलेला असतो. त्याचा चेहरा सगळ्यांना दिसतो. म्हणूनच लिहिणाराचा हात आपोआप आवरतो. आता मोबाइलवर कॉलेजांच्या नावाने निनावी कबुलीजबाबाची पानं निघालीत. तिथेही नाव नसतं, पण समोर चेहराही नसतो, आणि त्यामुळे तिथे जे लिहिलं जातं ते वाचवत नाही. शेलापागोटे बंद करणाऱ्यांनी शिस्त राखली असं त्यांना वाटतं. त्यांनी फक्त पेटी काढून टाकली. चिठ्ठ्या लिहिल्या जातातच.

‘डेज’बद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. टाय डेला टाय उसने घेतले जात आणि साडी डेला आयांच्या साड्या. ट्रॅडिशनल डेला धोतर नेसवून घ्यायला पोरं मराठी विभागात येत, हा आमच्या विभागाचा समाजाला झालेला एकमेव प्रत्यक्ष उपयोग. युवक महोत्सव आणि त्यापुढचं राज्यपातळीचं ‘इंद्रधनुष्य’ यांनी चांगले नट, गायक घडवले, ते नाकारत नाही. पण तिथे पंधरा जण निवडले जातात आणि बाकीचं कॉलेज त्यांची बातमी वाचतं. ढाल मोजून कॉलेजची संस्कृती ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही ते यामुळे.

ज्वारी गेली त्याची गोष्ट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्या हिवाळ्यात आमच्याकडे गॅदरिंगचा विषय कुणी काढला नाही. पोरं पत्र्यांच्या शेडमध्ये धान्य वाटत होती, याद्या करत होती. सेवा योजनेची खरी परीक्षा तेव्हा झाली, आणि ज्यांना मी आगटीवर पाहिलं होतं तीच मागच्या बाकावरची पोरं तिथे पुढे होती. त्याच हिवाळ्यात, १४ जानेवारी १९९४ ला, मराठवाडा विद्यापीठाचं नामांतरही झालं. एका थंडीत एवढं पाहिलेली पिढी पुन्हा सापडायची नाही.

उतरण लागली ती त्यानंतर. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधी गुणांवर नेमले जाऊ लागले. निवडणुकांतला गुंडपणा थांबला हे बरं झालं. पण सांस्कृतिक सचिव म्हणून जो मुलगा आला तो गणितात पहिला होता आणि त्याला मांडववाल्याशी घासाघीस करता येत नव्हती. दुसरीकडे ‘लातूर पॅटर्न’. त्याचं कौतुक मीही करतो. कसलंही पाठबळ नसलेल्या भागातली मुलं त्याने गुणवत्ता यादीत नेऊन बसवली. पण अकरावी-बारावीचे वर्ग सीनियर कॉलेजच्याच आवारात. डिसेंबर ते फेब्रुवारी हे त्यांच्या सराव परीक्षांचे महिने. आवारात ढोलकी वाजली की पालकांची तक्रार यायची. ढोलकी आधी हळू झाली, मग बंद झाली. आता लातूरच्या ट्युशन एरियात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली मुलं वर्षं काढतात. नांदेडलाही तेच. यांतल्या कित्येकांना येळवस म्हणजे ‘क्लासला सुट्टी’ एवढंच ठाऊक असतं, आणि काही ठिकाणी तीही नसते. वर सत्र पद्धती आली आणि परीक्षा नेमक्या हिवाळ्यात येऊन बसल्या. पोरगं शेतात जाईल कधी?

आणि गेलं, तरी तिथे ज्वारी कुठे आहे? याबद्दल कॉलेजवर लिहिणारा एकही माणूस बोलत नाही, म्हणून मी बोलतो. लातूर जिल्ह्यात आता खरिपाला चार लाख हेक्टरांहून जास्त सोयाबीन असतं. ते निघालं की रब्बीत हरभरा. शेतकऱ्याचं चुकलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. ज्वारीला भाव नाही, काढणीला मजूर मिळत नाही, पाखरं राखायला गोफण घेऊन उभं राहायला घरात माणूस नाही, आणि बैल गेल्यावर कडबा कुणाला हवा? पण सोयाबीन शेकोटीत घालून कुणी खात नाही. ते विकायचं पीक आहे, त्याच्याभोवती बसता येत नाही. दुष्काळाने उरलंसुरलं नेलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात शिबिराला गेलेल्या पोरांनी हुरडा पाहिला तो फोटोत.

हुरडा आता शहराजवळच्या पार्कात गेलाय. तिथे माणशी पैसे भरून, कागदी ताटलीत, सोललेला दाणा येतो. भाजणारा वेगळा, खाणारा वेगळा. कुणाचेही हात काळे होत नाहीत, आणि म्हणूनच कुणी कुणाला दटावत नाही. फोटो मात्र उत्तम येतात. एका तरुण सहकाऱ्याने मला समजावलं, की परंपरा अशाच टिकतात, बाजारात गेल्यावर. असेल. पण बाजारात ताटली टिकते. मागच्या बाकावरच्या पोराने मास्तरला दोन शब्द सुनावण्याचं धारिष्ट बाजारात विकत मिळत नाही.

रडगाणं गाऊन लेख संपवायची दिवाळी अंकांची चाल मला मान्य नाही, म्हणून एक मागणी करतो. दोन्ही जिल्ह्यांतल्या कृषी महाविद्यालयांच्या शेतांवर आणि संस्थांच्या पडीक जागांवर गुळभेंडीची चार पाती लावायला कुणाची मंजुरी लागत नाही. बी परभणीला मिळतं. शिबिराचे सात दिवस आजही आहेत, येळवसीची सुट्टी जिल्हाधिकारी आजही देतात, पेटी करायला सुतार आजही मिळतो. शिबिर सोयाबीनच्या रानात न लावता ज्वारी राखलेल्या गावात लावा. अशी गावं औसा-निलंग्याकडे अजून आहेत. सुट्टीच्या दिवशी वसतिगृहात आणि ट्युशन एरियात अडकलेल्या परमुलखातल्या मुलांची यादी करा आणि प्रत्येकी दोघांना आपल्या शेतात न्या. शेत नसेल तर शेजाऱ्याच्या न्या. तिथे कुणी नाही म्हणत नाही. प्राचार्यांनी फक्त परिपत्रक काढावं. चटण्या माझ्याकडे लागल्या, आणि गुळाची पावती कुठल्या शीर्षाखाली लावायची तेही सांगून ठेवलेलंच आहे.